फोन आमचा, इंटरव्यू गल्लीचा

फोनसाठी अर्ज केला तेव्हा माझा मोठा मुलगा रांगत होता. फोन घरात आला तेव्हा तो सायकलवर शाळेत जात होता. मधली सगळी वर्षं आमचे हे, जिल्हा परिषदेतले कारकून, टेलिफोनच्या ऑफिसात चकरा मारत होते. तिथला माणूस दर वेळी "लागेल, लागेल" म्हणायचा आणि हे दर वेळी त्याचं ऐकून घरी यायचे. शेवटी एकदाचा नंबर लागला. दोन लाइनमन आले, त्यांनी भिंतीला भोक पाडलं, दोनदा चहा घेतला आणि काळा, जड फोन बाहेरच्या खोलीत टेबलावर ठेवून गेले. मी त्याला हळदीकुंकू वाहिलं. खाली क्रोशाचा रुमाल अंथरला, वरून दुसरा झाकला आणि डायलला एवढंसं कुलूप लावलं. किल्ली माझ्या मंगळसूत्राजवळच्या पिनेला असायची.

पुंडलिकनगरात आमच्या गल्लीतला तो पहिला फोन. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं आणि मोबाइल कुणी बघितलासुद्धा नव्हता. महिनाभरात आमचा नंबर गल्लीतल्या सगळ्यांना पाठ झाला. लग्नपत्रिकेत आमचा नंबर, शाळेच्या फॉर्मवर आमचा नंबर, दवाखान्याच्या कागदावर आमचा नंबर, आणि त्याच्यापुढं पी.पी. मी ह्यांना विचारलं, हे पी.पी. काय आहे? हे म्हणाले, "म्हणजे नंबर शेजाऱ्याचा आहे. फोन आला की ज्याचा त्याला बोलावून द्यायचं." बोलावून द्यायचं कुणी, तर मी. फोडणी तडतडतेय, गॅस बंद करा, पदर खोचा, चपला घाला आणि गल्लीच्या टोकापर्यंत हाका मारत जा. हे ऑफिसात बसून पंख्याची हवा खातायत. मी एकदा भडकून म्हटलं, "तुम्ही फोन घेतला का मला पोस्टात लावलं?" तर हसले नुसते.

पण खोटं कशाला बोलू, मला ते आवडत होतं. कुणाकडं पोरगं झालं, कुणाची बदली झाली, कुणाचा पाहुणा येणार, सगळं आधी मला कळायचं. रस्त्यात बाया मला वाट द्यायला लागल्या. "फोनवाल्या काकू" हे नाव पडलं, आणि मी म्हणजे कोण असं मला वाटायला लागलं.

अशात एमआयडीसीतल्या एका कंपनीनं नवीनच खूळ काढलं. कंपनीचं नाव सांगत नाही, उगाच कशाला. आधी काय व्हायचं, जागा निघाल्या की पोरं गेटवर गर्दी करायची, वॉचमनची तारांबळ उडायची. मग तिथं पुण्याकडचे कुणी नवे साहेब आले आणि म्हणाले, आधी सगळ्यांशी फोनवर बोला, जे बरे वाटतील तेवढेच बोलवा. म्हणून अर्जावर फोन नंबर लिहिणं सक्तीचं झालं. आता गल्लीत अर्ज करणारी पोरं दीड डझन आणि फोन एक. ज्याच्याकडं फोन नाही तो कामाचा नाही, असं पुण्याच्या साहेबांना वाटत असेल. आमच्या गल्लीला तसं काही वाटलं नाही. सगळ्यांनी माझा नंबर लिहिला.

फोन करणारा माणूस ठरलेला होता. तरुण आवाज, प्रत्येक वाक्य इस्त्री करून आणल्यासारखं. कंपनी आधी कार्ड पाठवायची, अमुक वारी अकराच्या पुढं फोन येईल म्हणून. एकदा तो मला म्हणाला, "मॅडम, एक विचारू का? या एका नंबरवर आमच्याकडं सतरा अर्ज आलेत. आपलं वसतिगृह आहे का?" मी म्हटलं, "नाही हो, आमचा फोन आहे."

पहिला इंटरव्यू ज्याचा झाला ते पोरगं सकाळी नऊलाच येऊन बसलं. आंघोळ करून, तेल लावून, चुलतभावाचा टाय घालून. मी म्हटलं, "अरे, त्यांना तू दिसणार आहेस का?" तर म्हणतो, "काकू, मला तर माहिती असतं ना." दारात पॉलिश केलेले बूट काढून ठेवले. मोज्यातून अंगठा बाहेर आलेला. फोन वाजला तसा उठून जो सावधान उभा राहिला तो शेवटपर्यंत. पलीकडून काहीतरी विचारलं की हा नुसती मान हलवायचा. एकदा हलवली, दोनदा हलवली. मला स्वयंपाकघरात राहवेना. मी ओरडले, "अरे मेल्या, तोंडानं हो म्हण! त्याला तुझं डोकं दिसतंय का?" माझं ओरडणं पलीकडं ऐकू गेलं. तिकडून विचारलं असणार, कोण बोलतंय, कारण हा एकदम खणखणीत आवाजात म्हणाला, "सर, फोनवाल्या काकू." सगळ्या इंटरव्यूत तेवढं एकच उत्तर त्यानं न अडखळता दिलं. घेतलं नाही त्याला.

त्यानंतर मी दाराआड उभी राहून ऐकायला लागले. ऐकायला म्हणजे आपल्या बाजूचं ऐकू यायचं, पलीकडचं मी पोरांना खोदून विचारायची. प्रश्न ठरलेलेच असायचे. स्वतःबद्दल सांगा. आमच्याच कंपनीत का यायचंय? पाच वर्षांनी तुम्ही कुठं असाल? तुमच्यातली एक कमजोरी सांगा. काय ही विचारायची रीत! पाना धरता येतो का, हे कुणी विचारत नव्हतं. आणि उत्तरं तर काय सांगावीत. पाच वर्षांनी कुठं असाल, तर एकानं सांगितलं, "इथंच सर, पुंडलिकनगरला. घर आमचं स्वतःचं आहे." आमच्याच कंपनीत का, तर दुसरा म्हणाला, "दुसरीकडून फोन आला नाही सर." कमजोरी सांगा म्हटल्यावर तिसऱ्यानं बराच विचार केला आणि म्हणाला, "उन्हाळ्यात माझा घोळणा फुटतो सर." तीन इंटरव्यू, तिघंही घरी. आता यात खोटं काय बोलली होती पोरं?

मग मीच कंबर कसली. मुलाच्या जुन्या वहीत सगळे प्रश्न लिहून काढले आणि ह्यांच्याकडून उत्तरं करून घेतली. इंटरव्यूच्या आदल्या दिवशी पोरांना समोर बसवून घोकून घ्यायची. एक इंग्रजी वाक्य सगळ्यांना पाठ करायला लावलं, "आय ॲम हार्डवर्किंग अँड पंक्च्युअल." ऐकायला लई भारी वाटायचं. सात जणांनी ते म्हटल्यावर एक दिवस तो फोनवरचा इस्त्रीवाला मला म्हणाला, "मॅडम, तुमच्या गल्लीत सगळेच पंक्च्युअल आहेत का?" मी म्हटलं, "सगळेच. नळाला पाणी पहाटे चारला येतं ना."

माझ्या वहीमुळं असो नाहीतर नशिबानं, त्यातले दोघं लागले. तिसरा मागच्या गल्लीतला, सायकलच्या दुकानवाल्याचा. तो आला तेव्हा त्याची अम्मी बरोबर आली होती. ती कोपऱ्यात बसून हातातली तसबीची जपमाळ फिरवत होती आणि हा फोनवर तीन भाषांची खिचडी करत होता. "सर मैं... म्हणजे मी... आय ॲम..." आणि एकदम स्वतःच हसला. पलीकडचा पण हसला असणार, कारण पुढचा इंटरव्यू गप्पा मारल्यासारखा झाला. त्याला घेतलं. ईदला त्याची अम्मी डबाभर शीरखुर्मा घेऊन आली आणि मोठ्या बहिणीचा धरावा तसा माझा हात धरून म्हणाली, "बाजी, तुमारे फोन में बरकत है." शीरखुर्मा उत्तम होता. पण ते वाक्य माझ्या डोक्यात गेलं ते गेलंच.

बरकत फोनमध्ये, आणि फोन कुणाचा? मग कंपनीच्या आधी मीच चाळणी लावायला सुरुवात केली. कुणाला पळत जाऊन बोलवायचं आणि कुणाला नाही, हे माझ्या मनावर. चपला सरळ काढतो त्याला बोलवायचं. जाताना "येतो काकू" म्हणतो त्याला बोलवायचं. एक कॉलेजातला दीडशहाणा मला "आंटी" म्हणाला. आंटी! मी तेव्हा पस्तिशीची. त्याचा फोन आला त्या दिवशी मी दोन मिनिटं रिसीव्हर बाजूला ठेवून भेंडी चिरली आणि मग सांगितलं, "घरी नाहीत ते." मला काही वाटलं नाही. उलट चांगली अद्दल घडवली म्हणून मी संध्याकाळी ह्यांना रंगवून सांगितलं. हे म्हणाले, "अगं, असं करू नये." मी म्हटलं, "तुम्ही ऑफिसात काय वेगळं करता?" त्यावर हे हात धुवायला उठले.

आता समोरच्या घराचं सांगते. मूळची करमाडकडची माणसं. शेती थोरल्या भावाकडं, हा धाकटा शहरात एका वर्कशॉपमध्ये कामाला. मुलगी एकच, बी.कॉम. झालेली, टायपिंगच्या परीक्षा मराठी-इंग्रजी दोन्ही पास. शांत पोरगी. त्याच कंपनीत स्टोअरमध्ये असिस्टंटची जागा निघाली होती, तिनं अर्ज केला. इकडं वैजापूरचं एक स्थळ आलेलं, कांद्याचे अडते, खाऊनपिऊन सुखी. मुलगाही काही वाईट नव्हता. पण त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं, सून नोकरी करणार नाही. पोरीनं बापापुढं हात जोडले. बाप म्हणाला, "या कंपनीत लागलीस तर दोन वर्षं लग्नाचं नाव काढत नाय. नाय लागलीस तर मी वैजापूरला हो म्हणणार. मग तू पण हो म्हणायचं." हे सगळं मला ठाऊक होतं, कारण तोवर तिच्या आईचं आणि माझं रोज दारात उभं राहून बोलणं व्हायचं.

ते बंद पडलं पाण्यावरून. आमच्याकडं नळाला पाणी येतं ते दिवसाआड, कधी त्याच्याही आड, तासभर. समोरचीनं नळालाच मोटर लावली. तिच्या टाकीत धबधबा आणि आमच्या नळाला नुसती फुसफुस. मी पहाटे चारला फाटकात उभी राहून बोलले. बरंच बोलले. बोलायला लागले की मला थांबता येत नाही, हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. तीही काही मागं राहणारी नव्हती. शेवटी म्हणाली, "फोन आलाय म्हणून काय गल्ली इकत घेतली का ओ?" माझ्या डोक्यात तिडीक गेली. त्या दिवसापासून बोलणं बंद. तिनं पोरीलाही बजावलं, त्या घरची पायरी चढायची नाय.

आणि नेमकं त्याच आठवड्यात पोरीला कार्ड आलं. सोमवारी अकराच्या पुढं फोन. रविवारी ती आमच्या फाटकाबाहेर येऊन उभी राहिली. आत येईना. तिथूनच म्हणाली, "काकू, उद्या माझा फोन येणार आहे. बोलवाल ना?" मी म्हटलं, "आला तर बघू." माझी वही, माझी घोकंपट्टी, काही काढली नाही मी. तिनंही मागितली नाही.

सोमवारी ती दहापासून त्यांच्या पायरीवर बसलेली. धुतलेला पंजाबी ड्रेस, मांडीवर प्रमाणपत्रांची फाइल. मधे रस्ता केवढा, दहा पावलं. अकरा वाजून गेले आणि फोन वाजला. मी मुद्दाम उशिरा उचलला. "नमस्कार मॅडम," इस्त्रीवाला म्हणाला आणि पोरीचं नाव घेतलं. मी म्हटलं, "थांबा, बघते." रिसीव्हर टेबलावर ठेवला. खिडकीतून ती दिसत होती. हाक मारायचीसुद्धा गरज नव्हती, नुसता हात केला असता तरी पळत आली असती. मी हात केला नाही. "गल्ली इकत घेतली का ओ" एवढंच माझ्या कानात घुमत होतं. मी स्वयंपाकघरात गेले, पाणी प्याले, परत आले आणि म्हटलं, "घरी नाहीत त्या."

तो म्हणाला, "वेळ तर कळवली होती."

मी म्हटलं, "मग मी काय करू?"

"गुरुवारी याच सुमारास एकदा करतो. शेवटचं. सांगाल का त्यांना?"

"सांगते," म्हटलं मी, आणि फोन ठेवला.

नाही सांगितलं. संध्याकाळी तिनं फाटकाबाहेरून विचारलं, "काकू, आला का फोन?" मी कपडे काढत होते दोरीवरचे. तिच्याकडं न बघता म्हटलं, "नाही गं." मंगळवारी पुन्हा विचारलं. मी पुन्हा नाही म्हटलं. आत कुठंतरी टोचत होतं, पण राग मोठा होता आणि मला तो सोडवत नव्हता. मनात म्हणायची, येऊ दे ना तिच्या आईला, म्हणू दे चुकलं, मग सांगते. तिची आई काही आली नाही.

बुधवारी संध्याकाळी तिचा बाप आला. चपला सरळ काढल्या, दारातच उभा राहिला. म्हणाला, "वहिनी, एक फोन लावायचा व्हता."

"कुठं?"

"वैजापूरला. पाव्हण्यांना हो म्हणून कळवून टाकतो. कंपनीचा तर काय फोन आला नाय. उगं किती दिस ताटकळत ठेवायचं लोकांना?" मग थोडं थांबून म्हणाला, "पोरगी सोमवारपासून नीट जेवली नाय. पण शब्द दिला व्हता तिनं, आता नाय म्हणत नाय."

खिशातून चिठ्ठी काढून तो वैजापूरचा नंबर वाचायला लागला आणि कुलूप काढायची वाट बघत उभा राहिला. मी म्हटलं, "किल्ली सापडत नाही हो भाऊ. सकाळपासून शोधतेय." किल्ली माझ्या गळ्याशी पिनेला लटकत होती. त्याला ती दिसली. त्यानं किल्लीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. भला माणूस. म्हणाला, "बरं. उद्या येतो मग."

तो चपला घालायला वाकला तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "भाऊ, उद्याच्याला अकरा वाजता कंपनीचा फोन येणार आहे. पोरीला पाठवा."

"येणार हाय? तुमाला कसं कळलं?"

"आला होता. म्हणजे... मी गिरणीत गेले होते, पोरानं उचलला, सांगायचं राहिलं." माझा पोरगा तेव्हा शाळेच्या सहलीला गेला होता आणि हे त्यालाही माहीत होतं. त्यानं चपला घातल्या. मग "व्हय का?" एवढंच म्हणाला आणि गेला.

मला वाटलं, सुटले. कुठची सुटतेय! गुरुवारी सकाळी समोरून निरोप आला, आमच्या पोरीचा फोन असंल तर बाईनं सोता येऊन बोलवावं. गल्लीत सगळ्यांना बोलवायला जाती, आमच्याकडं यायला पाय दुखत्यात का? ऐकलं आणि पुन्हा माझा पारा चढला. साडेदहापर्यंत मी घरात भांडी आपटत होते. हे नेमके रजेवर, पेपर वाचत बसलेले. पेपर न हलवता म्हणाले, "दहा पावलं आहेत."

गेले मी. पदर सारखा करून, फाटक उघडून, रीतसर दारात उभी राहिले. समोरची चौकटीत हात लावून उभी. या म्हणाली नाही. मी म्हटलं, "पोरीला पाठवता का? फोन येईल आता." ती म्हणाली, "आणि मोटरीचं काय ते पण बोलून घ्या की. चोर म्हणला व्हता आमाला, चार जणांत." मी दात-ओठ खाल्ले. मग म्हटलं, "चुकलं माझं. एक नाही दोन मोटरी लावा, पण पोरीला पाठवा बाई." असं म्हणताना मला किती कष्ट पडले ते माझं मला ठाऊक. ती आणखी काहीतरी ऐकवायच्या बेतात होती, तेवढ्यात आमच्याकडं फोन वाजला.

अकराला अजून पाच-सात मिनिटं होती. इस्त्रीवाल्याचं घड्याळ पुढं! मी पळाले. समोरचीही पळाली. पायरी चढायची नाही म्हणणारी बाई माझ्या आधी माझ्या घरात, अनवाणी, आणि आम्हा दोघींच्या मधून पोरगी शिरली. ह्यांनी रिसीव्हर उचलून तयारच धरला होता. तिनं तो घेतला, एक मोठा श्वास घेतला आणि म्हणाली, "नमस्कार सर, मीच बोलतेय."

आम्ही दोघी दाराआड. समोरचीनं माझा दंड धरलेला, इतका घट्ट की वळ उठला. पोरगी काय बोलली म्हणून सांगू. ना हार्डवर्किंग ना पंक्च्युअल, माझ्या वहीतलं एक अक्षर नाही. स्टोअरमध्ये माल आला की कसा तपासायचा, कशाची नोंद कुठं करायची, कॉलेजात असताना एका हार्डवेअरच्या दुकानात सुट्टीत काम केलं होतं, ते सगळं सरळ, सावकाश. पाच वर्षांनी कुठं असाल, हा प्रश्न आला असावा. ती म्हणाली, "सर, ते आत्ता मला सांगता येणार नाही. पण नोकरीत असेन, एवढं नक्की." माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

मग ती एकदम गप्प झाली. पलीकडून तो काहीतरी लांबलचक बोलत होता. तिनं रुमालाची कड बोटाला गुंडाळली, सोडली.

"हो सर. कार्ड मिळालं होतं... सोमवारी, हो."

समोरची माझ्याकडं बघायला लागली. सोमवारी? मी भिंतीकडं बघत राहिले.

"मी घरी नव्हते सर," पोरगी म्हणाली. "बाजारात गेले होते. वाटलं, उशिरा येईल फोन. चूक माझीच आहे. पुन्हा असं होणार नाही." मग आणखी दोनदा "हो सर" म्हणाली आणि रिसीव्हर ठेवला. आईला म्हणाली, "कळवतो म्हणालेत. पण वेळ पाळली नाही हे त्यांनी लिहून घेतलंय."

समोरची तिच्यावर उखडली. "बाजारात? कधी गेली व्हतीस गं तू बाजारात? सकाळपासनं तर पायरीवर..." आणि मधेच थांबली. पोरगी म्हणाली, "आई, चल. भात लागेल." दोघी गेल्या.

पुढचे पंधरा दिवस मला घास गोड लागला नाही. ही पोरगी वेळ पाळत नाही, असा शेरा त्या कंपनीच्या कागदावर पडलेला, आणि तो माझ्यामुळं. फोन कुणाचाही असो, मी धावत जाऊन बोलवायला लागले. तो आंटीवाला पोरगा, त्यालासुद्धा दोनदा बोलावून दिलं. ह्यांना मी सगळं सांगितलं. हे रागावले असते तर बरं झालं असतं. हे म्हणाले, "आता कळव तिला खरं." माझी हिंमत झाली नाही.

सोळाव्या दिवशी त्यांच्या पत्त्यावर पाकीट आलं. तिला घेतलं होतं. बापानं वैजापूरला पोस्टानं नकार कळवला, माझ्याकडं फोन करायला आला नाही. मी देवापुढं साखर ठेवली.

संध्याकाळी ती पेढ्यांचा पुडा घेऊन आली. या वेळी पायरी चढून आत आली. तिनं पुडा पुढं केला आणि माझा बांध फुटला. मी म्हटलं, "आधी ऐक. सोमवारी तू कुठंही गेली नव्हतीस. समोर बसली होतीस, मला दिसत होतीस. मीच त्याला सांगितलं तू घरी नाहीस म्हणून. तुझ्या आईवरच्या रागात. तुझ्या आयुष्याचं वाटोळं झालं असतं माझ्यामुळं."

ती म्हणाली, "माहितीय काकू. खिडकी उघडी होती. सगळं ऐकू आलं मला."

"ऐकू आलं?" माझा आवाज फाटला. "मग पळत का नाही आलीस? माझ्या झिंज्या उपटायच्या होत्यास! निदान त्या साहेबाला तरी सांगायचं, बाजारात कशाला गेलीस?"

तिनं पुड्याचा दोरा सोडला. रागानं नाही, कुत्सितपणानं नाही, आपण पत्ता सांगतो तशा आवाजात म्हणाली, "तुम्ही इथंच उभ्या होता काकू. आणि ते परत फोन करणार म्हणजे इथंच करणार."

तिनं एक पेढा माझ्या हातावर ठेवला, मग दुसरा ठेवला.

"पेढे गल्लीत सगळ्यात आधी तुमच्याकडं आणलेत," ती म्हणाली. "कामावर कधी यायचं, ते कंपनी फोनवर कळवणार आहे."